साडेतीन सेंटिमीटरची स्वयंपूर्णता

उपेंद्रराव टेंभ्यांनी अठरा वर्षं खर्चून देशासाठी एक रबरी रिंग केली होती. विमानाच्या इंधनाच्या व्हॉल्व्हमध्ये बसणारी, साडेतीन सेंटिमीटरची, आणि ती नसली तर विमान जागचं हलत नाही अशी. आजवर ही रिंग परदेशातून यायची, म्हणजे कधी यायची आणि कधी यायची नाही. ऑर्डर दिल्यावर अकरा महिने, मग दिलगिरीचं पत्र, मग आणखी चार महिने. तोवर सरकारी कारखान्यातली विमानं हँगरमध्ये धूळ खात पडून. उपेंद्ररावांची रिंग मात्र अस्सल देशी होती. तिचं कच्चं रबर तेवढं बाहेरून येई, पण ही गोष्ट ते चारचौघांत काढत नसत.

आता निवृत्तीला सतरा दिवस उरले होते आणि येलहंक्याच्या विमानप्रदर्शनात ही रिंग आकाशात कसरती करणार होती. कवायतीतल्या तीन विमानांपैकी मधल्या विमानात ती बसवली होती. ही बातमी उपेंद्ररावांनी महाराष्ट्र मंडळात सांगितली, व्हाइटफील्डच्या सोसायटीत सांगितली, दात काढणाऱ्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितली. रिंग एकदा सगळ्यांच्या डोक्यावरून उडाली की अठरा वर्षांचं सार्थक होणार होतं. सतरा दिवसांनंतर ते घरी बसणार, मग कोण विचारतो?

कारखान्याने दिलेला प्रदर्शनाचा पास खिशात होता, पण तो एकट्याचा. कौतुकाला माणसं लागतात. म्हणून ते पत्नी हेमलताबाईंना घेऊन येलहंक्यात हयवदनरावांच्या गच्चीवर आले. हयवदनराव कारखान्यातलेच जुने मित्र, घराणं साडेतीनशे वर्षं इकडचं, मराठी अर्धीअधिक कन्नडात मुरलेली. गच्चीवर वीसेक माणसं, छत्र्या, दुर्बिणी आणि पातेलंभर चित्रान्न होतं. विमानांच्या वाटेत घारी येऊ नयेत म्हणून आसपासची मटणाची दुकानं कित्येक दिवस बंद होती, त्यामुळे खालचा भाडेकरू तेवढा विमानांवर डूख धरून घरात बसला होता.

उपेंद्रराव सकाळपासून बोलतच होते. आपल्या लोकांचा आपल्याच हातच्या वस्तूवर भरवसा नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. वस्तू तयार असते, चाचण्या झालेल्या असतात, आणि ऐनवेळी साहेब लोक कच खातात. हेमलताबाईंनी हे भाषण तीनशे वेळा ऐकलेलं असल्यामुळे त्यांना अधूनमधून डुलकी लागत होती.

अकराच्या सुमारास महांतेशचा फोन आला. महांतेश त्यांचा हाताखालचा इंजिनियर, बेळगावकडचा, सकाळपासून हँगरवर होता. उपेंद्रराव पाण्याच्या टाकीमागे गेले. महांतेशने चाचरत सांगितलं, की आज पहाटे देशी रिंग काढून तिथे परदेशी बसवली आहे.

"नियम आहे, सर. लोकांसमोरच्या उड्डाणात दोनशे तास न उडालेला भाग चालत नाही. आपल्या रिंगचे चाळीसच झालेत."

"कुठल्या गाढवाने केलाय हा नियम?"

 महांतेश अदबीने म्हणाला, "दोन हजार नऊचा आहे, सर. सही तुमचीच आहे."

 पुढे महांतेशनेच वाट काढून दिली. नियमाला सूट देण्याचा अधिकार गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाचा, आणि प्रमुख उपेंद्ररावच. संध्याकाळपर्यंत त्यांनी 'मंजूर' एवढा मेसेज टाकला, की उद्याच्या शेवटच्या उड्डाणात आपली रिंग. उपेंद्ररावांना एकदम हुरूप आला. टाकतोच, असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे 'मंजूर' टाइपही केलं. पाठवणार तेवढ्यात गच्चीवर एकच कल्लोळ उठला.

तीन विमानं खालून वर सरळ चढली. मधलं विमान सगळ्यांत उंच गेलं, उलटं झालं आणि नाक खाली करून जमिनीकडे यायला लागलं. आत दोन तरुण पोरं बसलेली, त्यांतल्या एकाला उपेंद्ररावांनी गेल्याच आठवड्यात कँटीनमध्ये इडली खाताना पाहिलं होतं. आपली रिंग चाळीसच तास उडालेली, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. मग एकदम आठवलं, की आत परदेशी रिंग आहे, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. इतका झटकन पडला, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. विमान सरळ झालं, घरघरत निघून गेलं, आणि गच्चीने टाळ्यांचा कडकडाट केला.

"काय अण्णा, तुमची रिंग! सरी, बरोब्बर बसली बघा," हयवदनराव म्हणाले. त्यांच्या पत्नीने, वसुमतीबाईंनी, उपेंद्ररावांच्या हातावर म्हैसूरपाक ठेवला. उपेंद्रराव खरं सांगायला तोंड उघडणार होते, पण तोंडात म्हैसूरपाक गेला.

हेमलताबाई मात्र आता टक्क जाग्या होत्या. नवरा स्वतःच्या कौतुकात गप्प राहिलेला त्यांनी लग्नानंतर प्रथमच पाहिला होता. त्या जवळ आल्या, तेव्हा उपेंद्ररावांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. नियमही सांगितला, सहीही सांगितली.

"मग उद्या बसवा की. तुमच्याच हातात आहे ना?"

"हो."

"काही खोट आहे का तिच्यात?"

"एकही नाही. माझ्या रिंगसारखी रिंग जगात नाही."

"मग?"

 उपेंद्ररावांच्या मोबाइलवर 'मंजूर' तसंच होतं. एका बोटाचं काम. त्यांनी कँटीनमधला तो पोरगा आठवून पाहिला, आणि रिंगचे सगळे रिपोर्ट आठवून पाहिले. रिपोर्ट उत्तम होते. मग त्यांनी 'मंजूर' खोडलं आणि लिहिलं, 'यंदाचं प्रदर्शन पार पडू दे. पुढच्या वेळी नक्की बसवू.' पुढची वेळ दोन वर्षांनी होती.

मेसेज पाठवून त्यांनी फोन खिशात टाकलाही नव्हता, तेवढ्यात महांतेशचं 'ओके सर' आलं. साहेब लोक ऐनवेळी काय करतात हे ठाऊक असल्याने बहुधा त्याने ते सकाळीच टाइप करून ठेवलं होतं.