शेवटचा ढेकूण मेला, त्यानंतर

"रझिया, टाके जवळजवळ घाल. खालच्या कापडाला बोटभर फट राहिली, की तिथं रक्त पिणारे येऊन राहतात."

"सोफा शिवतेय मी, किल्ला बांधत नाही!"

हे बोलणं माझ्या कानी पडलं तेव्हा मी अर्धाच होतो. बोलत होते रहीमचाचा आणि त्यांना टोमणा मारत होत्या रझियाचाची. टोमणा मारला खरा, पण टाके मात्र त्यांनी मुंग्यांच्या रांगेसारखे घातले.

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. भवानी पेठेतल्या त्या कारखान्यात मी जन्मलो. सागवानी सांगाडा, त्यावर ताणलेल्या तागाच्या पट्ट्या, मग काथ्या, मग कापूस, आणि वरून मोरपंखी कापड. तळाशी काळ्या कापडाचं अस्तर. ते कुणाला दिसत नाही, पण तेच आमचं दार असतं. ते बंद राहिलं तर आम्ही शंभर वर्षं सुखानं जगू.

माझं दार पहिल्याच दिवशी उघडलं. संतोषदादांनी मला हडपसरच्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हा लिफ्टच्या दारात अडकून माझं अस्तर वीतभर फाटलं.

"जाऊ दे, खालून कोण बघायला येतंय?" दादा म्हणाले.

श्रद्धावहिनींनी माझ्यावर जाळीदार कापड घातलं. पाहुणे माझी स्तुती करत. छोटी राजनंदिनी माझ्या हातावर घोडा घोडा खेळे. सुखाचे दिवस होते ते.

मग यवतमाळहून द्वारकाआत्या आल्या. संतोषदादांची आई लवकर गेली, तेव्हा याच आत्यांनी त्यांना पोटाशी धरून वाढवलं होतं. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि गावात त्यांचं कुणी उरलं नव्हतं. त्या आल्या एक ट्रंक आणि जुन्या लुगड्यांची एक गोधडी घेऊन. फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी खोली नव्हती. माझ्यावरच त्या निजू लागल्या. पहाटे पाय चेपत हलक्या आवाजात ओवी म्हणत:

भाच्याच्या गं घरी, मला जागा ती केवढी
पाखराच्या पंखाखाली, पिलू मावतं तेवढी

तेवढीच जागा मागत होत्या त्या. मी ती दिली. पण घर काही माझं नव्हतं.

"अरे, सोफा बसायला असतो," वहिनी दादांना म्हणत. "घरात कुणी आलं की आधी अंथरूण गोळा करायचं. किती दिवस हे?"

दादा मोबाइलमध्ये डोकं घालत.

थंडीत दादा कंपनीच्या कामासाठी परगावी गेले आणि कुठल्याशा लॉजवर राहिले. परत आल्यावर बॅग त्यांनी माझ्यावर टाकली. चेनपाशी त्यांना काहीतरी हलताना दिसलं. मसुरीच्या डाळीएवढं, तांबूस. त्यांनी ते अंगठ्यानं चिरडलं, बोट रुमालाला पुसलं आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणाला काही न सांगता बॅग माळ्यावर ढकलली. पण तोवर दोन माद्या उतरून माझ्या फाटक्या अस्तरातून आत शिरल्या होत्या.

मित्रांनो, ढेकूण आवाज करत नाही. तो शिवणीत बसतो, लाकडाच्या सांध्यात अंडी घालतो आणि माणूस निजला की बाहेर येतो. आत्यांच्या दंडावर ओळीनं गांधी उठल्या. त्यांना वाटलं, पुण्याचं पाणी मानवत नाही. त्या खोबरेल लावून गप्प राहिल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं. इमारतीतल्या सवाष्णी माझ्यावर ओळीनं बसल्या. आत्या विधवा, म्हणून त्या स्वयंपाकघरात तिळाचे लाडू वळत बसल्या. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वेणूबाईंच्या फिकट पिवळ्या साडीवर एक ढेकूण सावकाश चढला, अगदी सगळ्यांच्या देखत.

वेणूबाईंनी तो वाणाच्या वाटीत झटकला आणि वाटी वहिनींपुढे धरली.

"यंदा वाण फारच वेगळं हो, श्रद्धा. लोक नुसत्या वाट्या देतात. तुम्ही आत जिवंत ऐवजही घालून दिलात."

बायका हसल्या, मग पदर झटकत उठल्या. लाडूंचं ताट कुणी हातातही घेतलं नाही.

दार लागताच वहिनी आत्यांकडे वळल्या. "तुमच्या गोधडीतून आलेत हे! गावाकडची घाण माझ्या दिवाणखान्यात!"

"नाही वं बाई," आत्या म्हणाल्या. "मी तं ते गोधडी उकळत्या पाण्यात धुऊन आणली होती. संतोष, तूच सांग ना. आपल्या घरी कधी होते काय ढेकनं?"

दादा म्हणाले, "आत्या, आता वाद कशाला?"

गोधडी पार्किंगच्या कोपऱ्यात जाळली. तिच्यात आत्यांच्या आईचं लग्नातलं लुगडं होतं. आत्या गॅलरीतून बघत राहिल्या. मग त्यांना त्याच गॅलरीत प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. रात्री निजायला मात्र मीच होतो. ताट वेगळं, तांब्या वेगळा. राजनंदिनी त्यांच्या मांडीवर जाऊ लागली, की वहिनी ओरडत, "चावतील हं! लांब हो!"

माझ्या सांध्यांत रॉकेल ओतलं. मला गच्चीवर उन्हात टाकलं. ऊन माझ्या पाठीला लागलं, पोटातल्या अंधारात ते पोचलंच नाही. शेवटी कीटकनाशकवाला आला. त्यानं मला उलटं केलं, अस्तर काढलं आणि विचारलं, "घरातलं कुणी प्रवासाला गेलं होतं का? बॅगा दाखवा."

वहिनी दादांकडे बघत होत्या. दादा म्हणाले, "नाही, कुणी नाही."

त्यानं गरम वाफ दिली, औषध फवारलं. अंड्यांतून पिल्लं निघतील म्हणून पंधरवड्यानं पुन्हा आला, पुन्हा फवारलं. आणि मित्रांनो, माझ्या काथ्याची शपथ घेऊन सांगतो, त्या दिवशी माझ्यातला शेवटचा ढेकूण मेला. मला माझं पोट कळत नाही का? आत एकही उरला नव्हता.

तरी आठ दिवसांनी एका सकाळी वहिनी म्हणाल्या, "अजून आहेत. मी पाहिले. आत्या इथं असेपर्यंत हे जायचे नाहीत. कात्रजच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, मी बोलून ठेवलंय."

आत्यांनी पोलक्याची बाही वर केली. "पाय बरं संतोष हा दंड, आठ दिवसांत एक गांध नाही. गेले ते सारे. मले खाली फरशीवर निजू दे. मी कोपऱ्यात राहीन."

दादांनी तो दंड पाहिला. त्यांचे ओठ हलले. पण बाहेर आलं ते एवढंच, "तिथं तुझी सोय चांगली होईल गं."

रविवारी रिक्षा आली. आत्यांनी जाताना माझ्या हातावरून हात फिरवला, जसा निजलेल्या लेकरावरून फिरवतात तसा. "आजी, माझ्या वाढदिवसाला येशील ना?" राजनंदिनीनं विचारलं. आत्या म्हणाल्या, "तुझ्या मायनं बोलावलं तं येईन." वहिनी ट्रंकेचं कुलूप तपासत होत्या.

मित्रांनो, आता माझीही पाळी आली आहे. भंगारवाला खाली उभा आहे. जाण्याआधी तुम्हाला हात जोडून सांगतो. घरातल्या सोफ्याला, गादीला महिन्यातून एकदा उलटं करून बघा. शिवणींत काळे ठिपके दिसतात का, ते पाहा. अस्तर फाटलं तर त्याच दिवशी शिवा. प्रवासाहून आलात की बॅग दाराबाहेर झटका, कपडे गरम पाण्यात टाका. आणि ढेकूण सापडला तर लाजू नका, लपवू नका, लगेच सांगा. ढेकूण गरीब-श्रीमंत बघत नाही. तुम्ही गप्प बसलात, तर त्याची शिक्षा घरातलं सगळ्यात दुबळं माणूस भोगतं.

मी हे सांगत होतो, तोवर मला उचलायला दोघं हमाल वर येऊ लागले. दादा एकटेच माझ्यावर येऊन बसले. वहिनी दारात उभ्या होत्या.

"श्रद्धा," दादा म्हणाले, "ते ढेकूण आत्याचे नव्हते गं. माझ्या बॅगेतून आले होते. मी पाहिलं होतं."

वहिनींनी हमालांसाठी दार पूर्ण उघडलं.

"माहीत आहे मला. हळदीकुंकवानंतर माळ्यावरून बॅग मीच काढली. ढेकणांनी भरलेली होती. तशीच पिशवीत बांधून टाकून दिली."

"मग तू आत्याला..."

"दुसऱ्या फवारणीनंतर या घरात एकही ढेकूण नव्हता, संतोष. मला त्या इथं नको होत्या. ऊठ आता, माणसं खोळंबलीत."