भांग कुठून पाडू?

शिकाऊ नर्सने पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं. पलंगावरच्या बाईंना आता ते गार लागलं काय अन् चटका बसला काय, सारखंच. पण मोठ्या सिस्टरांच्या वॉर्डात जीव गेलेल्या माणसालाही कोमटच पाणी लागायचं आणि त्यावर वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

पलंगावर शिवणवाल्या आजी होत्या. भरती झाल्यापासून त्यांनी अख्ख्या वॉर्डाची सुटलेली बटणं लावून दिली होती आणि आज दुपारी चहा पिता पिता मान टाकली होती. त्यांचा मुलगा यायला निघाला होता. तो पोचायच्या आत त्यांना नीटनेटकं करायचं होतं. पडद्यापलीकडे ताटं गोळा करणारी गाडी कुरकुरत चालली होती.

हे काम निघालं की बाकीच्या मुली काढता पाय घेत. एकीचं डोकं दुखे, दुसरीला कापूस आणायची आठवण होई. ही मात्र वॉर्डात आल्यापासून या कामाच्या मागे हात धुऊन लागली होती. हिचा एक स्क्रू ढिला आहे, असं मैत्रिणींचं मत पडलं. खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आईमागे तिला वाढवणाऱ्या मावशीलाही नाही. नर्स व्हायचंय म्हटल्यावर मावशीने नुसता कपाळाला हात लावला होता. सिस्टरांनी आज पहिल्यांदाच तिला सोबत घेतलं होतं.

सिस्टर हात लावण्याआधी प्रत्येक गोष्ट आजींना सांगत होत्या. आता चेहरा पुसते, आता कुशीवर वळवते, जरा धक्का बसेल. शिकाऊ नर्स फडकं पिळून देत होती. मग सिस्टरांनी आजींचे पांढरे केस ओले केले आणि कंगवा उचलला.

"आजी, भांग कुठून पाडू?"

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हे वाक्य पुन्हा ऐकायलाच ती इथे आली होती.

तेव्हा ती दुसरीत होती. हाच वॉर्ड, खिडकीजवळचा पलंग. बाबा नातेवाइकांना फोन करायला खाली गेले होते आणि स्टुलावर बसलेल्या पोरीला बाहेर न्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. आई पलंगावर होती. सिस्टर पोरीकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ताई, भांग कुठून पाडू? आई काहीच बोलेना, म्हणून हिनेच सांगून टाकलं, डावीकडून. मग पलंगाकडून हलक्या आवाजात उत्तर आलं, "डावीकडून नाही गं, खारूटी. उजवीकडून."

आणि भांग उजवीकडून पडला. तेच बरोबर होतं. आईला ती कायम समोरून बघत आली होती; आईची उजवी बाजू ती तिची डावी.

ती खारीसारखी घास गालात धरून बसायची, म्हणून खारूटी. दुसरं कोणी चिडवू नये म्हणून आई हे नाव फक्त तिच्या कानात म्हणायची. बाबांनाही ते ठाऊक नव्हतं. तेव्हा तिने मनाशी हिशेब लावला तो सरळ होता: सिस्टरांनी विचारलं, आईने सांगितलं, सिस्टरांनी ते आपल्यापर्यंत पोचवलं. नर्सना असं ऐकू येतं. मोठी होता होता बऱ्याच गोष्टींवरचा तिचा विश्वास उडाला, पण हा उडाला नाही. आई आणखी काय म्हणाली, एवढंच तिला सिस्टरांना विचारायचं होतं.

"सिस्टर, त्या सांगतात का तुम्हाला?"

सिस्टर हसल्या. त्यांनी तिचं बोट धरून आजींच्या टाळूवरून फिरवलं. जन्मभर एकाच जागी भांग पाडला की तिथे रेघ बसते, ओले केस सोडले की आपसूक तिथेच दुभंगतात, बघ. विचारायचं ते आपलं एक वळण म्हणून. माणसाला न विचारता हात लावू नये, एवढंच.

बोटाखाली रेघ लागत होती. एवढंच होतं तर! तिला सिस्टरांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. डोळे भरून आले तशी तिने सगळं सांगून टाकलं. खिडकीजवळचा पलंग, स्टूल, डावी-उजवी.

सिस्टरांनी तिचा चेहरा आता नीट निरखला.

"स्टुलावरची पोरगी तू?"

"मग माझं नाव तुम्हाला कसं कळलं? खारूटी?"

सिस्टरांनी कंगवा खाली ठेवला. तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. पडद्याआड मूल आहे हे त्यांना त्या 'डावीकडून'नेच कळलं होतं, आणि वळून तिच्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. केस विंचरून त्या तशाच बाहेर पडल्या. आईविना झालेल्या लेकराशी आपण बोललोसुद्धा नाही, ही बोच त्यांना पुढे कित्येक दिवस होती.

"मी तुझ्याशी एक अक्षरही बोलले नाही, बाळा."

"पण पलंगाकडून..."

ती थांबली. तो आवाज तिने पुन्हा आठवून पाहिला. इतकी वर्षं तिने तो सिस्टरांचा म्हणून जपला होता. म्हणून तो कोणासारखा आहे हे कधी तपासलंच नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी आनंदाने तिला रडू फुटलं.

गाडीची कुरकुर केव्हाच थांबली होती. वॉर्डात कोणी खोकतही नव्हतं. सिस्टर पलंगापासून जरा मागे सरकल्या आणि त्यांनी कंगव्याकडे बोट दाखवलं.

"तू विचार."

तिने डोळे पुसले, कंगवा उचलला आणि आजींच्या कानाशी वाकली.

"आजी, भांग कुठून पाडू?"

जन्मभर हा प्रश्न विचारत आलेल्या मोठ्या सिस्टर आज पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबल्या.