सांगणाऱ्याचं नाव

निमंत्रण इंग्रजीत आलं होतं. 'मानव्यविद्या अभ्यासक्रम वसाहतमुक्ती समिती'ची तिसरी बैठक, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, कॉन्फरन्स हॉल क्रमांक दोन. इंग्रजांना आपल्या अभ्यासक्रमातून कायमचं घालवण्यासाठी जमायचं आहे, असं सहा लांबलचक परिच्छेदांत लिहिलं होतं. इंग्रजांनी ते इंग्रजी वाचलं असतं तर ते आपण होऊन गेले असते. तनुजा वीस वर्षं एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासत होती. हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. चौदा चुका निघाल्या. शेवटच्या परिच्छेदात आप्पासाहेब हरगुडे यांचा संग्रह विद्यापीठाला मिळावा अशी विनंती होती, आणि त्यांच्या नावाआधी 'लेट' लिहिलं होतं. तिथे पेन्सिल थांबली. त्या शब्दात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं.

आप्पासाहेब तिचे वडील. त्यांना जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते.

ते केसनंदच्या शेतकरी घरातले. वाघोलीच्या कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. पुढे त्या कॉलेजाभोवती काचेच्या इमारती उगवल्या आणि त्याचं 'क्षितिज अभिमत विद्यापीठ' झालं. आप्पासाहेबांचा एकच छंद होता. इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली, बांधावर दगड रोवले आणि प्रत्येक शेताला नंबर दिला. त्याआधी प्रत्येक शेताला नाव होतं. ती नावं म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून शिल्लक होती. आप्पासाहेब दर रविवारी स्कूटर काढायचे आणि कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसायचे.

पोस्टकार्डाएवढं कोरं कार्ड. सगळ्यात वर 'सांगणार' आणि त्यापुढे नाव, वय, गाव. मग शेताचं नाव आणि ते का पडलं याची हकिगत. लिहून झालं की ते कार्ड त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तळाशी लिहायचे, 'वाचून दाखवलं, कबूल.' त्याखाली सही किंवा अंगठा. कुणी म्हणालं, "मास्तर, सांगतो, पन माजं नाव नगं," तर ते पेनाला टोपण लावायचे, चहा घ्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि निघून यायचे.

"नाव नाही तर कार्ड नाही," ते घरी सांगत. "शेत कुणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. गोष्ट कुणाच्या नावावर आहे ते कोण सांगणार?"

अशी चार हजारांवर कार्डं जमली. बुटांच्या अकरा खोक्यांत ती गावांप्रमाणे लावलेली होती. अकराव्या खोक्यातलं शेवटचं कार्ड हॉस्पिटलातलं होतं. सांगणार निशा, वय अडतीस, येरवडा. ती वॉर्डात मावशी होती. आप्पासाहेबांचं अक्षर त्या कार्डावर उजवीकडे घसरत गेलं होतं, पण तळाशी 'वाचून दाखवलं, कबूल' होतंच.

त्याच दिवशी ते तनुजाला म्हणाले होते, "खोकी विद्यापीठाला देऊन टाक. पोरांना शिकवू देत त्यातून. फक्त सांगणाऱ्याचं नाव गळता कामा नये. तेवढं बघ."

ते बघायला तनुजा मंगळवारी निघाली. दहा खोकी गाडीच्या डिकीत ठेवली. सातवं वर न्यायला हाताशी घेतलं, कारण त्यात वाघोली होती.

बैठकीची सुरुवात श्रद्धांजलीने झाली. सगळे उभे राहिले. दोन मिनिटांचं मौन कुणाच्या तरी फोनने चाळिसाव्या सेकंदाला संपवलं. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि फोटो. फोटोवाल्याने "मॅडम, थोडं हसा" असं सांगितलं, मग प्रसंग आठवून "नाही, असंच ठीक आहे" असंही सांगितलं.

अध्यक्ष होते डॉ. इंद्रजीत राजहंस. अठ्ठाविसाव्या वर्षी ते या कॉलेजात आले होते; आता अठ्ठावन्नाव्या वर्षी ते विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि सात समित्यांचे अध्यक्ष होते. तनुजाला त्यांची सही ओळखीची होती. शहाण्णव साली आप्पासाहेबांनी शेतांच्या नावांवर एक पेपर शिकवण्याचा प्रस्ताव दिला होता. 'विषयावर प्रमाणित इंग्रजी संदर्भग्रंथ उपलब्ध नसल्याने प्रस्ताव अमान्य,' असं तेव्हा ज्या कागदावर आलं, त्याखाली सदस्य-सचिव म्हणून हीच सही होती. कागद घरी फाइलला होता. आप्पासाहेब काही फेकत नसत.

"सर म्हणजे काय होते!" राजहंस म्हणाले. "काळाच्या फार पुढे. डीकॉलोनायझेशन हा शब्दसुद्धा आपल्याकडे नव्हता, तेव्हा सर ते करत होते. आम्हाला तेव्हा कळलं नाही."

"कळवलं होतं त्यांनी," तनुजा म्हणाली. "लेखी."

राजहंस हसले. त्यांनी हात करून शेजारच्या तरुण प्राध्यापिकेला पुढे केलं. ती ऋतुजा; दोन वर्षांपूर्वी विभागात लागलेली. नवा पेपर तिने तयार केला होता.

"मॅडम, ॲक्चुअली मी सरांची कार्डं फक्त फोटोत पाहिलीयेत," ऋतुजा म्हणाली. "इट्स अमेझिंग. म्हणजे, ब्रिटिश सर्व्हेने नावं पुसली आणि सरांनी ती परत आणली. आमच्या पूर्ण पेपरचा कोअर तोच आहे."

तिने मसुदा पुढे सरकवला. पेपरचं नाव होतं 'भूमी, स्मृती आणि सत्ता'. खाली संदर्भग्रंथ म्हणून एकच पुस्तक दिलं होतं, हेलन नावाच्या एका इंग्लिश बाईंचं.

हेलनबाई तनुजाला चांगल्या आठवत होत्या. २००९ साली त्या तीन महिने पुण्यात होत्या. रोज आप्पासाहेबांच्या स्कूटरवर मागे बसून गावं फिरल्या, रोज संध्याकाळी घरी पिठलं-भाकरी खाल्ली आणि जाताना सगळ्या कार्डांचे फोटो काढून घेऊन गेल्या. तीन वर्षांनी पुस्तक आलं. आभाराच्या पानावर, मुक्कामाच्या ठिकाणचा स्वैपाकी आणि एक मांजर यांच्या मध्ये, 'माझा हसतमुख वाटाड्या अप्पा' होता. आप्पासाहेबांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मांजराचं नाव बरोबर लिहिलंय."

आता हेलनबाईंच्या पुस्तकाचं विद्यार्थ्यांसाठी मराठी भाषांतरही झालं होतं. नमुन्याची दोन पानं मसुद्याला जोडली होती. आप्पासाहेबांच्या कार्डावरचं 'म्हसोबाचं पडीक' इंग्लंडला जाऊन, तिथून 'महिषदेवतेची अकृषित भूमी' होऊन परतलं होतं.

"हे शेत केसनंदला आहे," तनुजा म्हणाली. "माझ्या चुलत्याचं. त्याला या नावाने विचारलंत तर तो तुम्हाला पाणी देईल आणि बसा म्हणेल. उन्हात फार फिरू नका म्हणेल."

ऋतुजाने मान खाली घातली. राजहंस म्हणाले, "भाषांतर बघून घेऊ. तपशील आहे तो. मुख्य म्हणजे सरांचा उल्लेख आहे. पान तीन."

पान तीनवर होतं: 'प्राथमिक माहिती – स्थानिक माहितीदाता, मृत.'

तनुजाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाक्य तेच राहिलं.

"संदर्भग्रंथ म्हणून कार्डंच का देत नाही?"

"अहो, आयएसबीएन नंबर लागतो. तो रकाना भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जात नाही. हेलनच्या पुस्तकाला आहे. त्यातून सरच येतायत ना शेवटी? वळसा घालून का होईना." मग ते सातव्या खोक्याकडे वळले. "एक छोटी मदत. नवीन मानव्यविद्या भवनाला आम्ही या जमिनीचं मूळ नाव देणार आहोत. कुलपतींचीच कल्पना. निघेल ना?"

तनुजाने कार्ड आधीच शोधून ठेवलं होतं. तिने ते आप्पासाहेबांसारखं मोठ्याने वाचलं.

"सांगणार बजरंग, वय एक्याऐंशी, वाघोली. शेताचं नाव चोपण. पाणी मुरत नाही. उन्हाळ्यात वर खाराचा पांढरा थर येतो, चांदणं पडल्यासारखा. लांबून येणाऱ्याला फार बरं दिसतं. पेरलं तर काही उगवत नाही. बैलसुद्धा तिथं पाय ठेवायला नाखूष. वाचून दाखवलं, कबूल. डाव्या हाताचा अंगठा."



"'चांदणं' छान आहे," राजहंस म्हणाले. "त्याचं काही करता येईल. रौप्यभूमी?"

"सर, नाव चोपण आहे," ऋतुजा म्हणाली.

"भावार्थ घ्यायचा असतो, ऋतुजा."

मग ते मूळ कामावर आले. कार्डं स्कॅन होणार होती. संमतिपत्र तयार होतं; तनुजाने वारस म्हणून सही करायची. तिने ते मुद्रित वाचावं तसं वाचलं, एकेका शब्दावर पेन्सिलीचं टोक ठेवत. सातव्या कलमावर टोक थांबलं. संग्रहातल्या सर्व व्यक्तींची नावं काढून त्यांना क्रमांक देण्यात येतील, माहितीदाता एक ते माहितीदाता चार हजार एकशे बारा.

"हे कशासाठी?"

"एथिक्स," राजहंस म्हणाले. "आपला तिकडच्या विद्यापीठाशी करार आहे. त्यांच्या नैतिकता समितीचा नियम आहे, माहिती देणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही. त्यांची मान्यता नसेल तर प्रोजेक्ट नाही."

"तिकडच्या म्हणजे इंग्लंडच्या?"

"हो."

"या माणसांनी नाव घालायला परवानगी दिली आहे. प्रत्येक कार्डावर सही आहे, अंगठा आहे."

"अहो, ती त्यांच्या फॉर्मवर नाही ना!"

"इंग्रजांनी शेतांची नावं काढून नंबर दिले," तनुजा म्हणाली. "माणसं राहिली होती. ती तुम्ही करताय."

"असं वैयक्तिक घेऊ नका, ताई." इतका वेळ तनुजा 'मॅडम' होती. "मोठं काम आहे, थोडं जुळवून घ्यावं लागतं. सरांना आनंदच झाला असता."

सरांना झोपेतून उठवलं असतं तरी ते पाणी मागायच्या आधी 'नाव नाही तर कार्ड नाही' म्हणाले असते, हे तनुजाला ठाऊक होतं. सातव्या खोक्याच्या मागच्या बाजूला कोरी कार्डं असायची. तिने एक काढलं, आप्पासाहेबांचं पेन काढलं आणि लिहायला लागली.

"काय लिहिताय?"

"तुम्ही सांगितलेलं. महत्त्वाचं आहे, राहायला हवं. मूळ गाव कुठलं तुमचं, सर?"

"बार्शी. का?"

"वरती लिहावं लागतं."

लिहून झाल्यावर तिने कार्ड हातभर लांब धरलं आणि सावकाश वाचलं. "सांगणार डॉ. इंद्रजीत राजहंस, वय अठ्ठावन्न, बार्शी, हल्ली पुणे. हकिगत अशी. आपल्या शेताचं नाव आपल्या माणसाने सांगायचं. ते खरं ठरायला इंग्लंडचं पुस्तक लागतं. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, असा इंग्लंडचा नियम आहे आणि इंग्रजांपासून मोकळं होण्यासाठी नेमलेली समिती तो पाळते. सांगणारे स्वतः त्या समितीचे अध्यक्ष आहेत." तिने कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. "वाचून दाखवलं. यात तुम्ही न म्हटलेलं काही आहे?"

राजहंसांनी कार्ड उचललं, ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"म्हणजे... म्हणालो मी असंच साधारण."

"मग इथे सही."

"अहो, पण नाव कशाला? उद्या कुणी वाचलं तर भलतंच वाटेल. 'समितीचे एक सदस्य' असं लिहा हवं तर."

ऋतुजाच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तिने तो खोकल्यात दडवला.

तनुजाने पेनाला टोपण लावलं. समोरचा चहा केव्हाच गार झाला होता; तरी तिने तो संपवला. यंदा उन्हाळा लवकर सुरू झाला, स्वारगेटला परवा काय ट्रॅफिक होतं, एवढं बोलली. मग अर्धवट कार्ड मधोमध फाडून पर्समध्ये टाकलं, संमतिपत्र कोरंच परत दिलं, खोकं काखेत घेतलं आणि उठली. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ टेबलावर राहिले.

लिफ्टपाशी ऋतुजा धावत आली.

"मॅडम, मी रविवारी घरी येऊन कार्डं वाचली तर चालेल? डिपार्टमेंटकडून नाही. अशीच."

"ये. दारात वही असेल, त्यात नाव लिहून बस."

अकरा खोकी आप्पासाहेबांच्या कॉटखाली परत गेली. तिथून ती सकाळीच निघाली होती. धुळीत त्यांचे अकरा चौकोन अजून स्पष्ट होते. तनुजाने एकेक खोकं आपापल्या चौकोनात बसवलं. अकरावं बसवताना तिला बराच वेळ लागला.

आठ दिवसांनी बैठकीचं इतिवृत्त आलं, माहितीसाठी आणि काही दुरुस्ती असल्यास कळवण्यासाठी. पहिला ठराव श्रद्धांजलीचा. दुसरा, नव्या भवनास 'रौप्यभूमी' हे पारंपरिक स्थानिक नाव सर्वानुमते देण्याचा. तिसऱ्यात लिहिलं होतं: 'संग्रहाबाबत एका स्थानिक महिलेने काही भावनिक मुद्दे मांडले. त्यांची नोंद घेण्यात आली.'

तनुजाने इतिवृत्ताचा प्रिंट काढला. 'एका स्थानिक महिलेने' यावर पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली आणि समासात, घरातल्या चार हजार एकशे बारा कार्डांवर असतं त्याच क्रमाने, लिहिलं: 'सांगणार तनुजा आप्पासाहेब हरगुडे, वय शेहेचाळीस, केसनंद.'

मग पानाच्या तळाशी गेली.

'वाचलं. कबूल नाही,' तिने लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली.