कात्रीतला अंगठा

आरशाची फुटकी काच बदलताना सलूनवाल्याचं मनगट कापलं गेलं. जखम महिन्याभरात भरली, पण अंगठा हलवणारी आतली नस तुटली होती. डॉक्टरांनी ती तेव्हाच शिवली आणि सांगितलं, "दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. धीर धरा." पाच महिने झाले तरी अंगठा तळहाताला चिकटून बसलेला, रुसलेल्या जावयासारखा. ही उपमा अर्थातच त्याच्या बायकोची.

लोक मात्र फार गोड वागत. दुकानात डोकावत, "होईल हो सगळं नीट" म्हणत, आणि केस दुसरीकडे कापून येत. त्याला जिव्हारी लागे ते हेच. ही खुर्ची पुन्हा आपली होणार की नाही, या एकाच प्रश्नानं त्याचं डोकं खाल्लं होतं.

त्या दिवशी सकाळी तो रिकाम्या दुकानात हवेत कात्री चालवत होता. कच, कच, कच. आवाज अगदी झकास येत होता. तेवढ्यात सासरे आले. हयात याच धंद्यात गेलेली, त्यात जीभ फटकळ. दारातूनच म्हणाले, "जावईबापू, कुणाला फसवताय? बोटं हलताहेत तुमची."

खरंच होतं. कात्री चालवताना चार बोटं स्थिर ठेवायची, हलवायचा तो फक्त अंगठा. यानं सगळं काम बोटांवर ढकललं होतं. सासऱ्यांनी काडेपेटीतली एक काडी त्याच्या चार बोटांवर आडवी ठेवली. "ही पडली म्हणजे बोटं हलली. चालवा."

काडी पडली. अकरा वेळा पडली, आणि अकराही वेळा सासऱ्यांनी वाकून उचलली. बाराव्या वेळी अंगठा कुरकुरत उघडला, थरथरत मिटला, आणि काडी होती तिथेच राहिली.

"आता माझे कापा," म्हणत सासरे खुर्चीत बसले. डोक्यावर मोजकेच केस उरलेले, पण त्यांचा तोरा विचारू नका.

तासाभरानं त्यांनी आरशात पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "उजव्या कानावर जिना बांधलात की हो! हे डोकं घेऊन मी बाहेर पडू?"

पाच महिन्यांत त्याला कुणी असं झापलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्यानं सासऱ्यांचं डोकं हक्कानं खाली दाबलं.

"झालेलं नाहीये अजून, मामा. हलू नका."