वर मोकळं

नेल्डाने बटण दाबलं आणि सांगितलं, “खालून दोन येतायत. वर एक, तुझ्या दारापाशी. हलू नकोस.”

“बरं,” हॉलिसचा आवाज कानात आला.

ती स्टँडच्या सर्वात वरच्या छपरावर उभी होती, कठड्याला पोट टेकून. शेजारी तिच्यासारखेच टेहळे एका ओळीत उभे, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, प्रत्येकाच्या ओठांपाशी माइक, आणि प्रत्येकजण खाली पळणाऱ्या एकेका गाडीशी पुटपुटत होता. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एवढी माणसं मिळून कसली प्रार्थना म्हणतायत. गाडीत बसलेल्याची मान पट्ट्यांनी आवळलेली असते. पुढचं दिसतं, आरशात मागचं दिसतं, पण वर, भिंतीच्या बाजूला, किंवा खाली, आतल्या गवताच्या बाजूला, दाराला खेटून कोण आहे ते त्याला छपरावरून कोणी तरी सांगावं लागतं. हॉलिस टिडमोरला चौदा वर्षं ते त्याची बायको सांगत होती.

इतक्या उंचीवरून शर्यत खरी वाटत नाही. गाड्या ताशी एकशे नव्वद मैलांनी धावतात, पण घोळक्याने धावतात, आणि घोळका वळणाच्या कलत्या रस्त्यावर चढतो आणि उतरतो तो पाणी हेलकावल्यासारखा. आवाज मागून येतो. पलीकडे पाइनची झाडं, झाडांमागे लाल माती, आणि मातीवरून उठलेला पातळ धुरळा दुपारभर तसाच लोंबकळत राहिलेला. दीडशे फेऱ्या बघून झाल्या की डोळे उघडे असतात आणि माणूस कुठे तरी भलतीकडेच असतो. नेल्डाला हे ठाऊक होतं, म्हणून ती अधूनमधून अंगठ्याचं नख बोटात रुतवायची.

त्या दिवशी मात्र डुलकी लागायला सवड मिळाली नाही. त्रेचाळिसाव्या फेरीत सात गाड्या आदळून बाद झाल्या. कोणी कोणाला मागून जरासं जास्त ढकललं, एवढंच. शंभराव्या फेरीला आणखी पाच गेले, त्यातली एक गाडी उलटून छपरावर घसरत अर्धा मैल गेली आणि आतला माणूस बाहेर येऊन लोकांना हात करून गेला. आणि एकशे एकाहत्तराव्या फेरीला मोठा झाला. अलाबामात अशा अपघाताला नुसतं ‘मोठा’ म्हणतात, पुढे शब्द लावायची गरज कोणाला वाटत नाही. पांढरा धूर वळणावर बसला, त्यात एकामागून एक गाड्या शिरल्या, आणि आतून पत्रे वाजल्याचा आवाज आला तेव्हा धूर विरायलाही लागला होता.

“खाली ये. आणखी खाली. गवताला चाक लागलं तरी चालेल,” नेल्डा म्हणत होती. “आता सरळ. सरळच.”

हॉलिस सरळ आला. चाळीस गाड्यांतल्या चौदा उरल्या, आणि त्या चौदांत तो सहावा होता.

ही त्याची शेवटची शर्यत. चव्वेचाळीस वर्षांचा होता, पुढच्या वर्षी गाडीत दुसरं कोणी बसणार हे ठरलं होतं. इतक्या वर्षांत तो एकदाही जिंकला नव्हता. मागे राहायचं, पुढच्यांना एकमेकांना मारू द्यायचं आणि उरलेल्यांत गाडी शाबूत घरी न्यायची, हा छोट्या गॅरेजांचा धंदाच आहे. त्यात लाज नाही. पण हॉलिसला एकदा, एकदाच, पहिलं यायचं होतं. ते तो कधी बोलून दाखवायचा नाही. त्याऐवजी तो हिरव्या गाडीची गोष्ट सांगायचा.

हिरवी गाडी ओडेल स्पाइव्हीची. सात वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर, शेवटच्या फेरीला, हॉलिस तिसरा होता आणि वरच्या बाजूने सुटायची त्याची तयारी होती. पण ओडेलची हिरवी गाडी नेमकी दाराला चिकटलेली. तो जागचा हलू शकला नाही आणि नववा आला. तळलेल्या माशांच्या प्रत्येक जेवणावळीत ही गोष्ट निघायची. ओडेलच्या ताटातला मासा उचलत हॉलिस म्हणायचा, “हा देणं लागतो माझं.” सगळे हसायचे. ओडेलही हसायचा, पण बोलायचा काही नाही.

हिरवी गाडी तिथे नव्हतीच. ती दोन गाड्या मागे पडली होती. वर मोकळं होतं, नेल्डाला ते स्वच्छ दिसलं होतं, आणि तिने बटण दाबून सांगितलं होतं, “वर आहे. हिरवी वर आहे.”

त्याच वसंतात हॉलिस भिंतीवर आदळला होता. अकरा दिवस तो तिला तिच्या नावाने हाक मारत नव्हता, आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने मारत होता. बाराव्या दिवशी त्याने “नेल्डा, पाय खाजतोय” म्हटलं आणि ती दवाखान्याच्या जिन्यात जाऊन एकटीच रडली. मग ऑक्टोबर आला. मोकळी जागा दिसली की पुरुष त्यात घुसणार आणि घुसला की काय होतं ते तिने पाहिलेलं. तिने एक वाक्य खोटं सांगितलं. सात वर्षं ते वाक्य तिच्या पोटात न पचलेल्या घासासारखं बसून होतं.

पिवळा झेंडा पडला होता. गाड्या रांगेने सावकाश फिरत होत्या, ट्रॅकवरचे पत्रे गोळा केले जात होते. झेंडा उठल्यावर दोनच फेऱ्या उरणार होत्या. पुढे दोन-दोनच्या रांगा लागल्या तेव्हा हॉलिस खालच्या ओळीत तिसरा आला, आणि त्याच्या बरोबर शेजारी, वरच्या ओळीत, ओडेलची हिरवी गाडी.

ओडेलचा टेहळ्या गारलँड नेल्डाच्या डाव्या हाताला उभा होता. उकडलेल्या शेंगा सोलत तो म्हणाला, “नेल्डाबाई, आज तरी तुमच्या नवऱ्याचं देणं फेडून टाकू म्हणतो. नाही तर म्हातारपणीही मासे चोरेल आमचे.”

नेल्डा हसली नाही. गारलँड शेंगांकडे वळला.

रेडिओवर हॉलिस म्हणाला, “बघ गं, कसं जुळून आलंय. तोच शेजारी. या खेपेला तो कुठाय ते मला नीट सांगत राहा, एवढंच मागणं आहे. बाकी मी बघतो.”

 त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खुशी होती, आणि तेच तिला सोसवेना. दोन मिनिटांनी वर जागा होईल आणि अंगठा पुन्हा तसंच करील, हे तिला आपल्या अंगठ्याबद्दल पक्कं माहीत होतं. माणूस एकदा करतो ते भीतीने. दुसऱ्यांदा करतो ते सवयीने. अंगठा बांधून घालायचा एकच उपाय होता. त्यांचा रेडिओ काही घरातला फोन नव्हे. खाली स्टँडमध्ये हजारो माणसं कानाला यंत्रं लावून हेच बोलणं ऐकत बसलेली असतात. तिथे सांगितलेलं परत पोटात घालता येत नाही.

तिने बटण दाबलं.

“हॉलिस, त्या वर्षी हिरवी गाडी वर नव्हती. मोकळं होतं. मला दिसलं होतं. मी खोटं सांगितलं.”

 गाड्या वळणावर चढल्या, उतरल्या. खालच्या रांगांमध्ये काही माणसांनी माना वळवून वर छपराकडे पाहिलं. गारलँडच्या हातातली शेंग तशीच राहिली, कारण त्याच्याही कानात कोणी तरी तेच सांगितलं असणार. मग गॅरेजमधून म्हातारा लूथर, ज्याने ही गाडी स्वतः जुळवली होती, घसा खाकरून म्हणाला, “नेल्डा, पोरी, रेडिओ कामापुरता ठेव.”

अर्धी फेरी गेली.

“टायरं गार झालीत,” हॉलिस म्हणाला. “हिरवा झेंडा पडला की सांग.”

त्याच्या आवाजात राग आहे का ते तिने शोधलं. सापडलं नाही. दुसरंही काही सापडलं नाही. तिला वाटलं, झालं, चौदा वर्षं या माणसाचा एक डोळा आपण होतो, तो आज आपल्याच हाताने काढून टाकला. आता वर मोकळं म्हटलं तरी तो का ऐकेल.

“हिरवा,” ती म्हणाली. “हिरवा, हिरवा. जा.”

चौदा गाड्या एकदम सुटल्या. पहिली फेरी कोणी जागा सोडली नाही. “वर आहे. अजून वर आहे. दाराशी. दाराशीच,” ती म्हणत राहिली, आणि हे सगळं खरं होतं. शेवटच्या फेरीचा पांढरा झेंडा पडला. आता तिच्यापुरता बाकीचा सगळा आवाज गेला होता. लाखभर माणसं ओरडत उभी होती आणि तिला फक्त आपला श्वास ऐकू येत होता. घोळका पलीकडच्या सरळ पट्ट्यात शिरला, एवढा लहान, की तळहातावर मावला असता. वरच्या ओळीला मागून रेटा मिळेना. ओडेलची हिरवी गाडी अर्ध्या गाडीने मागे सरली. मग एका गाडीने. हॉलिसच्या वर, भिंतीपर्यंत, करड्या रस्त्याचा एक तुकडा उघडा पडला.

सात वर्षांपूर्वीही तो तुकडा एवढाच दिसला होता. तो किती सुंदर आणि रिकामा आहे असं तिच्या मनात आलं, आणि त्याच मनाने म्हटलं, नको.

तिने बटण दाबलं. “वर मोकळं.”

गाडी लगेच वर गेली. तिने मनात एक म्हणायच्या आत गेली. त्याच क्षणी खालच्या ओळीत, हॉलिसने नुकत्याच सोडलेल्या जागी, मागच्याने पुढच्याला गाठलं, दोघं आडवे झाले, आणि बाकीचे त्यांच्यात शिरले. धूर उठला. तिसऱ्या वळणापासून भिंतीपर्यंत धूरच. नेल्डाला काही दिसेना. ती “वर राहा, वर राहा” म्हणत होती आणि कोणाला म्हणत होती ते तिला कळत नव्हतं. एक चाक धुराबाहेर उडत आलं, हळूच आल्यासारखं आलं, आणि गवतावर लोळत लांब गेलं.

मग धुराच्या वरच्या कडेने दोन गाड्या बाहेर पडल्या. खालची लाल. वरची हॉलिसची. त्या जोडीने सरळ पट्ट्यात आल्या आणि रेषेवरून गेल्या तेव्हा लाल गाडीचं नाक पुढे होतं, हॉलिसचं तिच्या पुढच्या चाकापाशी.

“दुसरा,” लूथर म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “देवा रे, दुसरा.”

गारलँड माइकमध्ये ओडेलशी बोलत होता. ओडेलची गाडी संपली होती, पण तो धड होता, गाडीबाहेर उभा राहून डोक्यावरचं शिरस्त्राण काढत होता. गारलँडने शेंगांची पिशवी नेल्डापुढे धरली. तिने एक घेतली आणि हातात धरून ठेवली.

ती खाली पोहोचली तोवर गर्दी लाल गाडीकडे गेली होती. हॉलिस आपल्या गाडीला टेकून जमिनीवर बसला होता, चेहऱ्यावर घामाचे पांढरे ओघळ. गाडीची तळपट्टी तापून त्याच्या टाचा नेहमी भाजायच्या. नेल्डा समोर बसली आणि त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागली. गाठ ओली झाल्याने सुटेना.

“अर्धा सेकंद उशीर केला मी,” ती नाडीकडे बघत म्हणाली. “तेवढ्यातच तू जिंकला असतास.”

“हो. अर्धा सेकंदच.”

“मुद्दाम नाही केला. म्हणजे, मला माहीत नाही, हॉलिस. खरंच माहीत नाही.”

त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धी संपवली, उरलेलं डोक्यावर ओतलं.

“पलीकडच्या पट्ट्यात या वेळेला ऊन भिंतीकडून येतं,” तो म्हणाला. “शेजारच्या गाडीची सावली माझ्या बॉनेटवर पडते. ओडेल मागे सरला, तशी ती उतरली.”

नेल्डाचे हात थांबले. “म्हणजे तुला कळलं होतं? वर मोकळं आहे ते?”

“सावली उतरली की कळतंच.”

“मग गेला का नाहीस?”

“तू म्हणाली नव्हतीस.”

एवढं बोलून त्याने दुसरा पाय पुढे केला. तिने पहिला बूट ओढून काढला, टाच पाहिली, लाल झाली होती, फोड आला नव्हता. तिला सात वर्षांपूर्वीच्या सावलीबद्दल विचारायचं होतं. त्या वर्षीची शर्यतही ऑक्टोबरातलीच होती, शेवटची फेरी याच सुमाराला झाली होती, आणि त्या दिवशी आभाळात एकही ढग नव्हता.