गॅरीसाठी आशा

उपनगरातल्या मोठ्या चर्चची बस शनिवारी सकाळी गॅरी गावात आली. उतरलेल्या प्रत्येकाच्या अंगात पिवळा शर्ट, छातीवर अक्षरं: 'गॅरीसाठी आशा'. ती वाचूनच व्हर्लीन टिब्सच्या मस्तकात तिडीक गेली. तिचा उभा जन्म इथे गेला होता. पोलाद कारखान्यातली माणसं घटली, शाळा बंद पडल्या, निम्मी गल्ली उठून गेली, तरी ती इथल्या छोट्या चर्चमध्ये मुलांची संडे स्कूल चालवत राहिली होती. आणि गावाचं नाव काढलं की परके लोक अजून गाडीची दारं नीट लागलीत ना, ते चाचपून बघत.

पाहुणे आहेत, जरा गोड बोल, असं पास्टरनी तिला बजावलं होतं. तिने गोड बोलून त्यांना रस्त्याकडेचा कचरा उचलायला सांगितलं आणि ती स्वयंपाकाला लागली. काही वेळाने बाहेर येऊन बघते तर चर्चशेजारचा प्लॉट भुईसपाट. तिथे म्हाताऱ्या लुशियसकाकांचे कोलार्डचे वाफे होते. गल्लीतल्या कितीतरी घरांत त्यांचीच पालेभाजी शिजायची.

पाहुण्यांचा म्होरक्या ब्रॅडली घाम पुसत खुशीत म्हणाला, "केवढं रान माजलं होतं, सिस्टर."

"रान नव्हतं, जेवण होतं ते," व्हर्लीन म्हणाली. "ओळीत लावलेली भाजी दिसली नाही? दिसणार कशी! इथे कुणी काही पिकवत असेल, हे तुमच्या ध्यानीमनीच नाही."

ब्रॅडलीचा चेहरा पडला. तिला अजून बरंच सुनवायचं होतं, तेवढ्यात एक पाहुणी मागच्या बाजूने धावत आली. चर्चच्या एसीच्या तांब्याच्या नळ्या कुणीतरी कापून नेल्या होत्या. वर्षात दुसऱ्यांदा. गावानेच चारचौघांत थोबाडीत मारावी तसं व्हर्लीनला झालं.

तुम्ही इथून जात का नाही, असं ब्रॅडलीने हळूच विचारलं.

"येशू यरुशलेमकडे बघून रडला, ते काय शहर गुणाचं होतं म्हणून?" ती म्हणाली. "त्याचा जीव होता त्यावर. मला तर रडूही येत नाही, नुसता संताप येतो. या गावाचा आणि तुमचाही."

एवढ्यात लुशियसकाका पाण्याची बादली घेऊन आले आणि वाफ्यांच्या जागी थबकले. ब्रॅडली पुढे झाला, आपणच कापलं म्हणाला आणि त्याने माफी मागितली.

काकांनी बादली खाली ठेवली. "पुढच्या शनिवारी रोपं घेऊन ये," ते म्हणाले. "लावायची कशी, ते मी दाखवीन."

व्हर्लीनने नळ्यांच्या चोरीसाठी पोलिसांना फोन लावला. तिकडे कुणी उचलेना. फोन खांद्याने कानाशी दाबून धरत तिने पाहुण्यांना चिकन वाढलं, ब्रॅडलीला जरा जास्तच. हसू मात्र तिला काही केल्या आणता आलं नाही.