घरोघरी

एमएस्सी बायोस्टॅटिस्टिक्सला गणित कच्चं असलं तर निभावतं, पण गाईड कच्चा निघाला तर माणूस मेलाच. हे मात्र माहितीपुस्तिकेत कुठे छापलेलं नसतं. तिथे एवढंच असतं की चौथ्या सत्रात विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेल्या माहितीवर प्रबंध लिहावा, तोंडी परीक्षा द्यावी, आणि दोन्हीत पास झाल्याशिवाय पदवी नाही. मला तर पदवीशिवाय जुलैत पुण्याच्या कंपनीत हजर होता येणार नव्हतं. नोकरी ठरली होती, अडकलं होतं ते या प्रबंधावर.

विषय होता हरसूल भागातल्या बायकांमधलं रक्ताचं कमी प्रमाण. मी घरोघरी जाऊन तपासायचं ठरवलं होतं. माझे गाईड भामरे सर यांनी त्या योजनेवर सरळ काट मारली.

"पाडे कुठले कुठे पसरलेत, माहितीये? बाजाराच्या दिवशी टेबल टाका. सगळ्या बायका आपोआप खाली उतरतात."

"पण सर, जिच्या अंगात रक्तच नाही ती बाई डोंगर उतरून बाजाराला कशी येईल?"

सर हसले. "तेजस्विनीबाई, तुम्हाला डिग्री हवीये की नोबेल?"

शेजारी बसलेली मनालीही हसली. ती माझी बारावीपासूनची मैत्रीण. तिचेही गाईड भामरे सरच होते. विषय बायकांचा रक्तदाब, आणि तिलाही बाजारच सांगितला होता. मला पटलं नव्हतं. पण गाईडच्या सहीशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही, म्हणून मी मूग गिळून बसले.

मग दर आठवड्याला मी नाशिक रोडहून आणि मनाली द्वारका चौकातून निघायची. सीबीएस स्टँडवर भेटून हरसूलची एसटी धरायचो. नागलीच्या पोत्यांशेजारी आमचं एकच टेबल असायचं. एका टोकाला मी बोट टोचून रक्त तपासायची, दुसऱ्या टोकाला मनाली दंडाला पट्टा बांधायची. भागीबाई नावाची एक भाजीवाली दर वेळी म्हणायची, "पोरींनो, लय टोचता, त्यापेक्षा भाजी तरी घ्या." आम्ही घ्यायचो. एका डब्यात जेवायचो, परतताना एकमेकींच्या खांद्यावर झोपायचो. मला बहीण नाही. ती उणीव मनालीमुळे कधी जाणवली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझा प्रबंध चाळला आणि चष्मा काढला.

"हरसूलच्या बायका नाशिकच्या बायकांपेक्षा धडधाकट निघाल्यात. कशा काय?"

मी काय ते ओळखलं. "मॅडम, माहिती बाजारात घेतलीये. अशक्त बायका तिथे आल्याच नसणार."

"मग बाजारात का घेतलीत? हे तर पहिल्या सत्रात शिकवतात."

मी सरांकडे पाहिलं. ते सांगतील असं मला खरंच वाटलं. इतकी मी भोळी होते.

सर म्हणाले, "मी हिला घरोघरी जायला सांगितलं होतं, मॅडम. मुलं सोपं बघतात."

मी मध्येच तोडलं. "सर, तुम्हीच काट मारलीत! मनाली समोर होती. विचारा तिला."

मागच्या बाकावर मनाली तिच्या नंबराची वाट बघत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मला नीट आठवत नाही, मॅडम."

माझा प्रबंध परत आला. माहिती नव्याने गोळा करून पुढच्या सत्रात या. जुलै गेला, नोकरीही गेली. मी मागे जाऊन बसले, मनालीची तोंडी ऐकायला.

त्याच खुर्चीवर मग मनाली बसली. तिच्या आकड्यांत खटकण्यासारखं काही नव्हतं. रक्तदाब वाढलेली बाई बाजारभर हिंडते, तिला स्वतःलाही पत्ता नसतो. तरी बाईंनी विचारलंच, "ही माहिती कुठे घेतलीत?"

मनालीने तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "हिने मात्र माझं ऐकलं. घरोघरी गेली."

मनालीने मान हलवली. एकदाच, पण हलवली.

मी ताडकन उठले. "मॅडम, आमचं टेबल एकच होतं! बाजारात, शेजारी शेजारी बसायचो आम्ही!"

"नापास झालं की सगळे चोरच दिसतात," सर हसत म्हणाले. आवाज अगदी मायेचा होता. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या आवाजात कळलं.

बाई मला म्हणाल्या, "बसा खाली. दुसऱ्यावर ढकलण्यापेक्षा मैत्रिणीकडून काही शिका."

मनाली पास झाली. जिन्यात तिने माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी हात सोडवून घेतला.

"तेजू, माझी तोंडी तुझ्यामागोमागच होती गं. मी काय करणार होते? तू परत हरसूलला जाशील ना, तेव्हा मी येते सोबत. सगळ्या पाड्यांवर येते."

"ये की," मी म्हटलं. "घरोघरी जाऊन पास झालीस. एकदा ती घरं तरी बघून घे."